पिंप्राळ्यातलं आमचं सूर्ययंत्र

एखादं यंत्र बनवायला घेतलं की ते राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. सूर्यात चालतं त्या फ्यूजनच्या आमच्या यंत्राने पिंप्राळ्यातल्या माझ्या घरामागची एकच खोली अडवली, पण किस्से आठवले की अजून डोकं तापतं.

मी मोटार रिवायंडिंगवाला, जळालेल्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून देणारा. जोडीदार आबा, अमळनेरच्या एका कॉलेजातले रिटायर्ड लॅब असिस्टंट. जन्मभर प्रयोग मांडले यांनी, बटण दाबलं सरांनी! "एक डाव तरी बटन मी दाबसू," एवढंच त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतर ते कायमचे मुलाकडे सुरतला जाणार होते. त्याआधी यंत्र पेटवायचं होतं.

स्टीलच्या डब्यातली हवा पंपाने ओढून काढायची, आतल्या तारेच्या जाळीला हाय व्होल्टेज द्यायचं, की जांभळा उजेड पेटतो. खऱ्या फ्यूजनला खास वायू लागतो, तो आम्हाला कोण देणार? आधी उजेड तरी पडू दे, असं ठरलं.

*

डबा धुळ्याच्या वेल्डरने केला. दुधाच्या टाक्या करणारा, हात सोन्याचा. हवा जरासुद्धा आत जायला नको, हे त्याला तीनदा बजावलं होतं. डबा आला तर बुडाला बोटभर भोक! फोनवर म्हणतो, "भाऊ, धुतलेलं पाणी निघायला जागाच नव्हती. मी आपल्या मनानं ठेवली." वर मी आभार मानावेत ही अपेक्षा. मी फोन ठेवून दिला आणि भोक दुसरीकडून बुजवून घेतलं.

*

मग कॉलनीचे अध्यक्ष आले. आम्ही बॉम्ब बनवतो अशी तक्रार होती म्हणे. तासभर समजावलं, आबांनी आकृत्या काढून दाखवल्या. जाताना अध्यक्ष हळूच म्हणाले, पेटलं की एक वायर आमच्याकडेही द्या, लाइट फार जाते. म्हणजे बॉम्ब चालेल, फक्त वायर हवी! असल्या माणसापुढे मी घसा कोरडा केला, याचा राग आजही येतो.

*

दसऱ्याला मी दुकानातल्या यंत्रांची पूजा करत होतो. इकडे माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, डब्याची केली. झाकण उघडून, आतून! हळद, कुंकू, वर तुपाचं बोट. आत तुपाचा ठिपका राहिला की पंप कितीही फिरवा, व्हॅक्यूम येत नाही. मी घर डोक्यावर घेतलं. अक्का शांतपणे म्हणाली, "बाहेरून केली असती तर यंत्राले काय समजलं असतं?"

आबा रोज स्पिरिटने डबा पुसत बसले, आणि सुरतचा दिवस जवळ येत गेला.

*

आबांच्या जाण्याच्या आदल्या दुपारी व्हॅक्यूम आलं. मी नको म्हणत असताना आबांनी त्यांच्या जुन्या सरांना बोलावलं. सर आले, खुर्ची मागवली, आणि सवयीने व्होल्टेजच्या नॉबकडे हात नेला. मी तो मध्येच धरला.

आबांनी नॉब फिरवला. डब्याच्या खिडकीच्या काचेमागे जांभळा उजेड पेटला. आबांचे डोळे भरून आले.

सर काचेवर वाकले. "छान जमलंय. आबा, आता मी बघतो. तुम्ही जरा चहाचं बघा."

माझं रक्त उसळलं. आबांनी मला हातानेच थांबवलं. नॉब शून्यावर आणला, मेन स्विच पाडून त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सरांच्या खुर्चीत बसले.

"सर, टपरी कोपऱ्यावर शे. तीन कप लागतीन."