म्हातारपणाची सही

नोव्हेंबरात आमच्या सरकारी बँकेत पेन्शनवाली मंडळी आपण हयात आहोत, हे सही करून सांगायला येतात. काल निवृत्त पोस्टमन गुरवकाका माझ्या काउंटरसमोरच्या बाकावर बसून वर्तमानपत्राच्या कडेला स्वतःचीच सही गिरवत होते. बँकेतला नमुना त्यांच्या धडधाकट दिवसांतला, आणि हात आता थरथरतो. सही जुळली नाही तर पेन्शन अडेल, ही धास्ती.

"काका, अंगठा चालतो की," मी म्हणालो.

"जन्मभर मनीऑर्डरीवर लोकांचे अंगठे घेतले रे मी. आता तू माझा घेणार?"

सातव्या खेपेला सही जमली. "आहे बाबा, जिवंत आहे!" म्हणत काका हसले आणि पेपर तिथेच विसरून गेले.

माझ्या निवृत्तीला अजून तीसेक वर्षं आहेत. माझी पेन्शन बाजाराच्या मर्जीवर, आणि तिचं नियोजन म्हणजे दर जानेवारीत केलेला संकल्प. पण काल पहिल्यांदा मला माझ्या सहीची काळजी वाटली. कॉलेजात छाप पाडायला कमावलेली ती सही: तीन वेलांट्या, शेवटी मोराची मान, खाली दोन टिंबं. हे सगळं ऐंशीव्या वर्षी कोण काढणार? लगेच माझ्या पेन्शनच्या वारसाच्या अर्जावर मी साधी, सरळ सही ठोकली. म्हातारपणाची एवढी तरी सोय झाली, म्हणून सगळ्यांना चहा पाजला.

आज अर्ज परत आला. सही जुळत नाही.

आता जेवणाच्या सुट्टीत त्याच बाकावर बसून, काकांच्या सह्यांखाली, मी मोराची मान गिरवतो आहे.