मुक्कामी होडी

रिक्षात दोन सुटकेसा आणि मी, एवढ्यात जागा संपली, म्हणून तुम्ही सगळे पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीतच उभे राहिलात. आई रडली नाही. ती रिक्षावाल्याला खड्डे चुकवून न्यायला सांगत होती, कारण एका सुटकेसमध्ये लोणच्याची बरणी होती. नाना रिक्षाच्या दांडीला धरून उभे होते. परदेशी निघालेल्या लेकीला बाप काय काय सांगतो, हे मी पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. नाना एवढंच म्हणाले, "होडी मुक्कामी असती. ध्यानात ठेव."

तुम्हां चुलत-मावस भावंडांना ते कळलं. रिक्षावाला जालना रोडला लागेपर्यंत विचार करत होता. मग म्हणाला, "बाजी, कश्ती में जाना था तो एरपोर्ट कायकू?"

आज तुम्ही कोणी पुण्यात आहात, कोणी बहारीनला, कोणी अजून तिथंच. तुमच्या मुलांना हे सांगायला हवं, म्हणून मुळापासून लिहिते.

नाना देवगाव रंगारीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. आम्ही शहरात, ते तिकडं. शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. वाटेत वेरूळला त्यांच्या एका मित्राचं लॉज होतं. लेणी बघायला आलेले गोरे पाहुणे वाचून झालेली पुस्तकं खोलीतच टाकून जायचे आणि मित्र ती नानांसाठी काढून ठेवायचा. त्यातच ती तीन पुस्तकं आली, मुलांसाठी लिहिलेली. धुक्याची एक नदी, पलीकडं बेटं, बोलणारे बगळे, एक म्हातारा नावाडी आणि घरातून निघालेली तीन भावंडं. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर आपल्या सगळ्यांसाठी सतरंजी पडायची. नाना इंग्रजी पान समोर धरायचे आणि तोंडानं सरळ मराठी यायचं. थोरल्याचं नाव रघू, मधला बाळू, धाकटी गोदा. नावाड्याचं नाव शंकरमामा, तो तंबाखू मळायचा. आणि होडी मुक्कामी असायची.

शहरात वाढलेल्या लेकरांसाठी: खेड्यात जी एसटी संध्याकाळी येते, रात्रभर गावातच थांबते आणि सकाळी पहिली फेरी घेऊन निघते, ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गावातच झोपतात. नानांच्या गोष्टीत शंकरमामाची होडी दिवसभर बेटं फिरायची आणि दिवस मावळला की गोदाच्या घराच्या काठाला लागायची. राक्षस मागं असो की पूर आलेला असो, मुक्कामाला काठावर. माझा धाकटा भाऊ अविनाश तेवढं ऐकल्याशिवाय झोपायचा नाही.

पुढं मी पुष्कळ इंग्रजी वाचलं, पण ही तीन पुस्तकं कधी उघडली नाहीत. आईच्या हातचं वरण खाल्लेला माणूस त्याची कृती छापील शोधायला जात नाही.

मग इंग्लंडात मी राहते त्या शहरात त्या पुस्तकांवरचा पहिला चित्रपट आला. माझ्या ऑफिसातली विमा विकणारी, एरवी पावसाशिवाय कशावर मत नसलेली माणसं अंगावर घोंगडी आणि खांद्यावर वल्ही घेऊन थेटरात गेली. पॉपकॉर्नचा डबासुद्धा होडीच्या आकाराचा होता. एका समीक्षकानं त्याला 'विरहाचं महाकाव्य' म्हटलं, दुसऱ्यानं त्यात जगाच्या सगळ्या सीमांचा प्रश्न पाहिला. बगळ्याबद्दल कोणीच बोललं नाही, आणि तो खरं तर चांगला जमला होता. मी मात्र शेवट बघून जागीच बसून राहिले. होडी रघूला बेटावर उतरवते आणि निघून जाते. घर नाही, काठ नाही, मुक्काम नाही. पाटी येते, दिवे लागतात.

अविनाशनं तिकडं त्याच आठवड्यात पाहिला. आपल्या भावंडांच्या ग्रुपचं नाव 'मुक्कामी' आहे हे तुम्हांला माहीत आहे, आणि त्या दिवशी तिथं काय काय पडलं तेही. पुस्तकाचा सत्यानाश केला, असा आपला एकमुखी निर्णय झाला. दुसऱ्या चित्रपटात बाळू तसाच बेटावर राहिला. तेव्हा मी शहाण्या माणसासारखी एका संकेतस्थळावर गेले, पाचपैकी एक तारा दिला आणि दोन परिच्छेदांत लिहिलं, की मूळ कथेचा आत्मा असलेला होडीचा नियमच या लोकांनी मोडला. खाली कोणा अनोळखी माणसानं एकच ओळ लिहिली: तुम्ही पुस्तक वाचलंय का?

मला त्याचा इतका संताप आला, की वाचून बघणं सुचलं नाही. किंवा सुचलं, आणि म्हणूनच वाचलं नाही.

या सगळ्या गदारोळात नानांचं मत कोणी विचारलं, तर ते म्हणायचे, पोरं कामं चांगली करतात. आईचं मत होतं, कपडे लई भारी. अविनाशनं त्यांना पुन्हा पुन्हा छेडलं, की नाना तुम्ही तरी सांगा ना, तुम्ही वाचलंय. नाना म्हणायचे, तिसरा येऊ दे, मग बघू.

तिसरा आला तेव्हा मी सुट्टीवर घरी होते. नुसती सुट्टी नव्हती. आम्ही इंग्लंडचं नागरिकत्व घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे भारताचा पासपोर्ट परत करायचा, आणि 'दोन-तीन वर्षांत येतेच' हे दर दिवाळीला म्हणायचं वाक्यही. नवऱ्यानं फोनवरून विचारलं, नानांना सांगितलंस का. मी म्हटलं, सांगते. आईची तब्येत, अविनाशचं फ्लॅटचं बुकिंग, गावाचं बदललेलं नाव, सगळ्यावर बोलले. हे सोडून. चित्रपट बघून सांगू, असं मी मनाशी ठरवलं. शेवटच्या भागात तरी होडी परत येईल, गोदा घरी उतरेल आणि मग बोलणं सोपं जाईल, असा माझा हिशेब होता. माणूस शिकला म्हणून त्याचा मूर्खपणा कमी होत नाही, त्याला फक्त कारणं चांगली सापडतात.

जालना रोडवरच्या मल्टिप्लेक्सात नाना, आई, अविनाश आणि मी गेलो. हिंदी डबिंग होतं. शंकरमामा मालिकेतल्या महाराजासारखा बोलत होता, 'हे कन्ये' वगैरे. पोस्टरवर इतके भोवरे, किल्ले आणि मशाली होत्या, की मुळात ही तीन लेकरांची गोष्ट आहे हे शोधावं लागत होतं. आणि शेवटी व्हायचं तेच झालं. गोदा पलीकडच्या काठाला उतरली. होडी वळली आणि धुक्यात गेली. संगीतानं आम्हांला रडायची सूचना दिली.

अविनाश, चाळिशीला आलेला, बँकेत अधिकारी असलेला, उभा राहिला आणि पडद्याकडं बघून म्हणाला, "अरे, होडी आण की माघारी."

मागून आवाज आला, "भाई, बैठ जा. किताब में बी ऐसाच है."

अविनाश बसला. मी नानांकडं पाहिलं. ते पडद्यावरून वर सरकणारी नावं मन लावून वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई भाजी आणायला गेली होती, अविनाश कामावर. नाना गच्चीवर तुळशीला पाणी घालत होते. मी विचारलं, पुस्तकात खरंच तसं आहे का.

"व्हय."

"तिन्ही?"

"तिन्ही. होडी एकदा नेती, माघारी आणीत नाय. नियमच हाय तिचा."

मग त्यांनी सांगितलं, तांब्या खाली न ठेवता. पहिलं पुस्तक हाती घेतलं तेव्हा ते नुकते देवगावला गेले होते. सोमवारी अविनाश त्यांच्या पायाला मिठी मारून बसायचा, आई त्याला ओढून काढायची. "त्याला काय सांगू, रघू गेला अन् आलाच नाय? म्हनून म्या होडी मुक्कामी लावली. अन् एकदा लावली का मंग पुढं सगळं टाइमटेबलच बदलावं लागलं. लई ताप झाला. तिसऱ्या पुस्तकात तर निम्मं माझंच हाय."

मला हसू यायला हवं होतं. मी चिडले. इतकी वर्षं आम्ही जगाशी भांडलो, तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत, असं बरंच काही बोलले. मी निघाले तेव्हा रिक्षाशी तेच सांगितलंत, असंही. नानांनी सगळं ऐकून घेतलं. वर्गात चुकीचं उत्तर पूर्ण होऊ द्यायची त्यांची सवय होती.

"तवा काय सांगू? हे लई लांब हाय, असं?" ते म्हणाले. "तुला बी झोप लागली पायजे ना तिकडं."

मग मी सांगितलं. तोडून, वाईट रीतीनं, जसं सांगायचं नव्हतं तसं. "नाना, आम्ही तिकडंच राहायचं ठरवलंय. कायमचं. पासपोर्ट पण बदलणार."

त्यांनी उरलेलं पाणी कुंडीत ओतलं. पाणी जास्त झालं, खालच्या ताटलीतून गच्चीवर आलं. ते पायानं मोरीकडं सारत राहिले.

"बरं," ते म्हणाले. "पुस्तकात तसंच हाय."

त्यांनी भांडायला हवं होतं. थांब म्हणायला हवं होतं, म्हणजे मला कारणं सांगता आली असती. मी ती पाठ करून आणली होती. एवढ्या वर्षांनी हा माणूस पहिल्यांदा मूळ संहितेला चिकटला, तोही नेमका त्या सकाळी. माझा राग अजून गेलेला नाही.

आता इथं शनिवारी दुपारी माझी मुलगी ईरा फोन समोर उभा करून बसते. तिकडं तेव्हा संध्याकाळ असते आणि नाना गच्चीवर असतात. तिनं तिन्ही चित्रपट पाहिलेत, पुस्तकंही वाचलीत. गेल्या खेपेला ती त्यांना म्हणाली, आजोबा, तुम्ही चुकीचं सांगताय, गोदा परत येत नाही. नाना म्हणाले, तुझं पुस्तक तिकडं छापलंय, तिकडच्या काठावरून एवढंच दिसतं. आणि शंकरमामानं होडी काठाला बांधली, तंबाखू मळली, गोदानं पाय धुतले आणि घरात गेली.

ईरानं माझ्याकडं पाहिलं. खरं काय, असा तो प्रश्न होता. मी भांडी विसळत राहिले. तो एक तारा मी अजून काढलेला नाही. घर कुठं आहे, असं कोणी विचारलं, तर आता पत्ता सांगताना मी अडखळते. पण शनिवारी दिवस मावळताना ते कुठं असतं, हे मला माहीत आहे.