छातीवरचं माझं तोंड

पांढुर्ण्याच्या निम्म्या पोरांनी एक अख्खा उन्हाळा माझं तोंड छातीवर घालून काढला. त्यातल्या एकालाही मी अजून माफ केलेलं नाही.

याचं मूळ म्हणजे माझा धाकटा दीर वसंता. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. हा बी.ए. होऊन दोन वर्षं घरी बसला होता आणि चित्रांच्या गोष्टी काढत होता. एका चौकटीत माणूस, त्याच्या तोंडातून निघालेला फुगा, फुग्यात बोलणं. पुढच्या चौकटीत तोच माणूस विहिरीत! नागपूरच्या मित्राने त्याला जपानी चित्रकथांचं पुस्तक दिलं होतं. ते मागून पुढे वाचायचं. (वसंताचंही सगळं तसंच चालायचं.) त्यातल्या बायकांचे डोळे बशीएवढे, आणि राग आला की कपाळावर शिरा, कानातून वाफ.

मी विचारलं, "जपानात बाया अशा दिसतात काय?"

"वयनी, बाया सगळीकडे अशाच दिसतात. आपल्याकडे कोनी काढत नाही, एवढंच."

तिथेच मी शहाणी व्हायला हवी होती.

बाजारात एका सेठचं तयार कपड्यांचं नवं दुकान उघडणार होतं. सेठला टी-शर्टवर गावाला शोभेल असं चित्र पाहिजे होतं: हातात संत्रं घेतलेली हसरी बाई. काम वसंताला मिळालं. जन्मातलं पहिलं काम! तो थेट माझ्याकडे आला.

"वयनी, तुमीच बसा. तुमच्या चेहऱ्यात पानी आहे."

मी चौथी शिकलेली, म्हणून फसले असं कोणी समजू नये. बी.ए. असते तरी फसले असते. या वाक्याला फसली नाही अशी एक बाई मला दाखवा!

मोरपंखी साडी नेसले, पावडर थापली आणि शेजारच्या कुसुमकडे वाटीभर साखर मागायला गेले. (साखर घरात होती.)

"काहून वो, कुठं चालली नटून?"

"कुठं नाही बाई. माझं चित्र छापून राहिले ते दुकानवाले. कपड्यावर."

"तुझं?"

"मंग काय तुझं छापतील?"

संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. मी घरोघरी जाऊन कळवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नटून, हातात संत्रं घेऊन अंगणात खाटेवर बसले. समोरच्या खाटेवर धुतलेल्या धोतरावर माझ्या कुरड्या वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून, साचा दाबून दाबून हात मोडून केलेल्या. वसंता म्हणाला, "हलू नका. हासा." मी अर्धा तास हसले. गाल आखडले. तेवढ्यात कुसुमची बकरी आली.

"भाऊजी, बकरी!"

"हलू नका वयनी, नाक काढून राहिलो."

"अवो, कुरड्या खाऊन राहिली ना!"

"एकच मिनिट. नाक बिघडते."

"मेल्या, नाक घाल चुलीत!"

मी उठले आणि संत्रं फेकून मारलं. ते बकरीला सोडून आमच्या यांच्या सायकलला लागलं. वसंताची पेन्सिल मात्र भिंगरीसारखी चालूच होती. मला वाटलं, नाक पुरं करतोय.

अक्षय्यतृतीयेला दुकान उघडलं. मी गल्लीतल्या नऊ बायका घेऊन गेले. कुसुम सगळ्यात पुढे. वसंताने चित्र परस्पर नागपूरच्या छापखान्याला धाडलं होतं; छापून आलेला गठ्ठा सकाळच्या गाडीने उतरला होता. सेठने सुतळी कापली आणि पहिला टी-शर्ट दोन्ही हातांनी ताणून धरला.

डोळे बशीएवढे. कपाळावर शिरा. कानातून वाफ. अंबाडा सुटलेला, संत्रं फेकायला हात वर, आणि कोपऱ्यात बकरी, तोंडातून कुरडी लोंबणारी. हसरं कोणी असेल तर ती बकरीच!

नऊच्या नऊ बायका टी-शर्टवर वाकल्या. मग कुसुम चित्कारली, "बाई बाई! माही बकरी!" आणि साळसूदपणे विचारते, "आन् हे बाई कोन व्हय?"

"मले काय ठाऊक? मी नाही ते."

"पन तूच त सांगत होती..."

"मी नाही म्हनलं ना! ते मी निघाली, त जलमभर तुझ्या बकरीले कुरड्या चारीन! या हातानं!"

नऊ बायका साक्षीला होत्या. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

वसंता कोपऱ्यात पेढे वाटत उभा होता. 'भाऊजी' म्हणायचं मला भानच राहिलं नाही. "वसंत्या! जाळ हे सगळं! आत्ताच्या आत्ता!" म्हणत मी सेठच्या हातातला टी-शर्ट हिसकला आणि त्याच्यापुढे नाचवला. नाचवताना तो माझ्या तोंडाशेजारी आला. दुकानातली पोरं एकदा टी-शर्टकडे बघत, एकदा माझ्याकडे. एकाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच!

"सेठ, मले एक द्या!"

"मले दोन, भावासाठी बी!"

सेठने माझ्यापुढे हात जोडले. "बाईजी, रोज शाम को ऐसेच आया करो ना!"

दुपारपर्यंत गठ्ठा संपला. दुसरा आला, तिसरा आला. सौसर, मोहगाव, लोधीखेडा, सगळीकडे माझं तोंड गेलं. मी वर्षातून एकदा सौसरला जायची; माझं तोंड रोज जायचं, बसच्या टपावर बसून.

आणि आमचे हे! शाळामास्तर माणूस. गुपचूप सदऱ्याच्या आत तोच टी-शर्ट घालून शाळेत गेले. सदरा पांढरा आणि पातळ, मे महिन्याच्या तोंडचा घाम. फळ्याकडून पोरांकडे वळले तेव्हा मी त्यांच्या छातीवर उमटले होते. घरी येऊन कौतुकाने सांगतात, "वर्ग इतका चूप आजवर कधी बसला नव्हता." तीन दिवस त्यांना बिनफोडणीचं वरण वाढलं.

शेवटी मी ठरवलं, ते तोंड माझं नाही याचा एकदाचा पुरावाच द्यायचा. कुसुमला घेऊन स्टेशनाजवळच्या फोटोवाल्याकडे गेले. म्हटलं, हसरा फोटो काढ.

"हासा, बाई."

"हासून राहिली ना."

"नाही, हासा म्हनतो."

"अरे, मंग हे काय करून राहिली मी?"

आठ दिवसांनी फोटो आला. कुसुमने एका हातात फोटो धरला, दुसऱ्या हातात तिच्या पोराचा टी-शर्ट. बराच वेळ पाहिलं.

"फोटोत वाफ नाही आली," एवढंच म्हणाली.

वसंताला नागपूरच्या त्याच छापखान्याने नोकरीवर बोलावलं. जाताना पाया पडला. म्हणाला, "वयनी, मी त कमीच काढलं होतं." मी दात आवळून आशीर्वाद दिला. मेल्याने गाडीत बसून तोही काढला असेल.

दिलेला शब्द मात्र मी पाळला. ती बकरी जगली तोवर दर उन्हाळ्यात ताटलीभर कुरड्या घेऊन कुसुमच्या दारात जायची. बकरी गल्लीत कोणाच्याही हातचं खायची. मला पाहिलं की भिंतीला पाठ लावून उभी.

"जराशी हास ना वो," कुसुम म्हणायची, "मंग येते ते."

मी हसायची. बकरी भिंतीवर चढायची.