ढगातला सगळ्यात मोठा शब्द

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, रत्नागिरीजवळ हापूसच्या कलमांची नर्सरी चालवायचे. त्यांच्या वर्षश्राद्धाच्या आत नर्सरीच्या वेबसाइटवर त्यांच्या आठवणींचं एक पान करायचं मी ठरवलं. वेबसाइट बनवणं हाच माझा धंदा, त्यामुळे काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायची सोय नव्हती. लांज्यापासून केळशीपर्यंतच्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले. लोकांनी भरभरून लिहिलं. आईला लिहायचा कंटाळा, म्हणून ती मोबाइलवर बोलत गेली आणि मी उतरवून घेतलं. सगळ्यात लांब मजकूर तिचाच झाला.

एवढं सगळं कोण वाचणार? म्हणून पानाच्या वरच्या भागात शब्दांचा ढग करायचा बेत केला. कोड सगळा मजकूर वाचतो, शब्द मोजतो, आणि जो शब्द जास्त वेळा आला तो मोठ्या अक्षरात काढतो. ऐकायला सोपं, पण मला त्याने पार रडवलं. आधी काने-मात्रे वेगळे पडून शब्दांची खिचडी झाली. ते निस्तरलं, तर ‘आणि’, ‘आहे’, ‘हे’, ‘ते’ असले भरताडाचे शब्द ढगभर पसरले. त्यांची यादी करून ते गाळायला लावले, तेव्हा कुठे ढगाला रूप आलं. मधोमध ‘अण्णा’, भोवती ‘कलम’, ‘हापूस’, ‘माती’, ‘विश्वास’. मी खूश.

लॅपटॉप आईपुढे ठेवला. चष्मा लावून तिने शब्द न् शब्द वाचला.

“छान झालंय. पण माझं काय आलंच नाही रे यात.”

“असं कसं होईल? सगळ्यात जास्त तर तुझंच आहे.”

“ह्यांच्याबद्दल एवढी बोलले मी, मेल्या. कुठाय ते?”

मी वैतागून तिचा मजकूर उघडला आणि घोळ लक्षात आला. आईने आयुष्यात अण्णांचं नाव घेतलं नाही. तिच्या मजकुरात पहिल्यापासून शेवटपर्यंत ‘हे’, ‘ह्यांनी’, ‘ह्यांना’. नेमके माझ्या गाळायच्या यादीतले शब्द. जिने त्या माणसाबरोबर जन्म काढला, तिचंच बोलणं भरताड म्हणून मी फेकून दिलं होतं. फार वाईट वाटलं मला.

“तुझ्या मजकुरात ‘हे’ असेल तिथे ‘अण्णा’ घालतो,” मी म्हटलं. “झालं काम.”

“नको. अण्णा तुमचे. मी कधी ह्यांना अण्णा म्हटलं?”

घ्या आता. नुसतं यादीतून ‘हे’ काढावं, तर ‘हे रोप’, ‘हे खत’ असं गावभरातलं सगळं मोजलं जाणार. शेवटी फक्त आईच्या मजकुरापुरती कोडमध्ये वेगळी अट घातली, की ‘हे’, ‘ह्यांनी’, ‘ह्यांना’ सगळं मिळून एकच शब्द धरायचा. चालवून पाहिलं. ‘अण्णा’ बाजूला सरकले आणि मधोमध ऐसपैस ‘हे’ येऊन बसलं. “हां, आता आलं माझं,” आई म्हणाली.

पान वेबसाइटवर टाकलं आणि मुंबईहून दादाचा फोन आला. “मधे एवढं मोठं ‘हे’ कसलं आलंय? काहीतरी चुकलंय तुझं. काढून टाक, लोक हसतील.”

फोन स्पीकरवर होता. मी काही बोलायच्या आत आईच पुढे झाली.

“तुझे अण्णा आहेत ते,” ती म्हणाली. “एकदा गेले तेवढं पुरे. आता राहूदेत तिथे.”