एक डोळा मिटून आरती

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत समोरच्या खोलीत एक सहा वर्षांची पोरगी राहते. मी तिला जरा वचकूनच असतो. ती जिना लंगडी घालत उतरली की चाळीतली सगळी पलटण तिच्यामागे लंगडी घालत उतरते. ती "कठीण आहे बाबा!" म्हणत कपाळावर हात मारते. आता आमचा चिरंजीवही दूध प्यायला बोलावलं की तेच करतो.

यंदा गणपतीत तिच्या डाव्या डोळ्याला रांजणवाडी झाली. चाळीच्या गणपतीसमोर ती तो डोळा घट्ट मिटून टाळ्या वाजवत होती. दुसऱ्या दिवशी पोरांची अख्खी रांग डावा डोळा मिटून आरती म्हणायला लागली.

"हे काय रे?" मी मुलाला विचारलं.

"पप्पा, असंच करायचं असतं."

विसर्जनापर्यंत तिचा डोळा बरा झाला. शेवटच्या आरतीला ती दोन्ही डोळे टक्क उघडून उभी होती. शेजारच्या चिमुरडीने तिला कोपराने ढोसलं. "ए, डोळा मीट ना! बाप्पा बघतोय."

ती गडबडली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने इतरांकडे बघितलं आणि घाईघाईत एक डोळा मिटला.

"तो नाही गं, दुसरा!" सगळी रांग ओरडली.