मानपत्राच्या वेळी कोण हसलं?

आमच्या लग्नाला आठ महिने झाले तरी मी माझ्या बायकोचं हसणं ऐकलं नव्हतं. ती हसत नसे असं नाही. शेजारणींत, आडावर, स्वयंपाकघरात हसत असावी. मी आत पाऊल टाकलं की पदर सारखा करून गप्प होई. त्या काळी नवरा म्हटला की असंच असायचं आणि मला त्यात गैर काही वाटत नसे. उलट मी मोठा माणूस आहे म्हणून ती बिचकते, असा माझा समज होता.

माझा हा मोठेपणा मानपत्रांचा होता. सांगलीच्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवत असे, पण मुलांच्या पालकांना मी ठाऊक होतो तो 'मानपत्रवाले मास्तर' म्हणून. कुणी मामलेदार बदलून चालला, कुणी देवळात फरशी बसवली, कुणी नुसताच साठ वर्षांचा झाला, की मंडळी माझ्या दारात हजर. मजकूर माझा ठरलेला होता. 'विद्याविनयसंपन्न, दानशूर, लोकहितदक्ष' अशी सुरुवात. मध्ये एक हिमालय, एक महासागर आणि दोन कल्पवृक्ष. शेवटी 'आपले गुणानुरागी नागरिक'. नावाची जागा कोरी. वाचायलाही मलाच बोलवत, कारण माझा आवाज भरदार होता. प्रत्येक विशेषणानंतर मी टाळीपुरता थांबत असे, आणि साताऱ्यापासून जतपर्यंतच्या श्रोत्यांना कुठे टाळी द्यायची हे पाठ झालं होतं.

दुसरं महायुद्ध चालू होतं. मुलांना वह्या मिळत नव्हत्या, मानपत्राला मात्र जाड गुलाबी कागद कुठून ना कुठून पैदा होई. सातारा जिल्ह्यातली कितीतरी तरुण माणसं स्वातंत्र्यासाठी भूमिगत होती आणि आम्ही उरलेले एकमेकांचे सत्कार करत होतो. हे मला आज दिसतं. तेव्हा मी स्वतःला लेखक समजत होतो, आणि घरात आलेल्या मुलीनंही मला लेखक समजावं एवढी एकच माझी इच्छा होती. त्यासाठीच मी लिहिलेलं पहिलं मानपत्र चौकट करून बाहेरच्या खोलीत टांगलं होतं. ती रोज त्याची काच पुसत असे. आतलं वाचते का, हे मी कधी विचारलं नाही.

अशात सांगलीत एक विनोदी बोलपट लागला. पुण्याच्या एका वर्तमानपत्रात 'काहीतरी वेगळाच' एवढंच त्याच्याबद्दल आलं होतं. वेगळा म्हणजे चांगला की वाईट, हे न सांगितल्यामुळे गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी पहिल्याच रविवारी तीनच्या खेळाला आली. मीही सपत्नीक गेलो. सपत्नीक म्हणजे दारापर्यंत. पुढे ती बायकांच्या जागेत गेली आणि मी खुर्चीत बसलो. माझ्या शेजारी वाळव्याकडचा एक शेतकरी होता. हळद विकायला बाजाराला आलेला, डोक्याला मोठं पागोटं. मागच्यांनी सांगितल्यावर त्यानं पागोटं काढून मांडीवर घेतलं.

बोलपटाची गोष्ट अशी होती. एका गावात सत्कार समिती स्थापन होते. मांडव पडतो, शाल येते, नारळ येतो, हार येतात, आणि मग सगळ्यांच्या लक्षात येतं की सत्कार कुणाचा करायचा हे ठरवायचं राहिलंच. तेवढ्यात एक वाटसरू आपल्या सासुरवाडीचा पत्ता विचारत तिथे येतो. समिती त्यालाच धरून खुर्चीवर बसवते. तो म्हणतो, "अहो, मी काही केलेलं नाही." समितीचे अध्यक्ष म्हणतात, "हा आपला विनय." तो म्हणतो, "मला जाऊ द्या, माझी बायको वाट बघतेय." अध्यक्ष म्हणतात, "कुटुंबवत्सलही आहेत, लिहून घ्या." तो बिचारा जितकं नाही म्हणतो तितकं मानपत्र लांबत जातं.

हे मी आज सांगतो तेव्हा ऐकणारे हसतात. त्या दिवशी थिएटरात कुणी हसत नव्हतं. मंडळी मन लावून बघत होती. मांडवाची कमान पडद्यावर आली तेव्हा माझ्यामागचे एक वकील आपल्या शेजाऱ्याला म्हणाले, "कमान चांगली आहे. आपल्याकडे केळीचे खुंट फार आखूड लावतात."

मग पडद्यावर मानपत्र सुरू झालं. वाचणारा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच उपरणं घेतलेला. त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, "विद्याविनयसंपन्न." आणि थांबला.

थिएटरात टाळ्या पडल्या.

मी शपथेवर सांगतो, टाळ्या पडल्या. 'दानशूर'ला पडल्या, 'लोकहितदक्ष'ला पडल्या, हिमालयाला तर अशा पडल्या की महासागर कुणाला ऐकूच आला नाही. लोक वर्षानुवर्षं ज्या जागी टाळी देत आले होते त्याच जागी त्यांचे हात आपोआप उठले. शेजारचा शेतकरी माझ्याकडे वळला. मला निरखून बघत म्हणाला, "आवं मास्तर, ह्ये तुमीच लिवलेलं न्हवं? आमच्या गावात तवा ह्येच वाचलं व्हतं की तुमी."

"हे वेगळं आहे," मी म्हणालो.

"कसलं येगळं? त्यो हत्ती का डोंगर काय म्हनला, त्योबी हुता. लय झ्याक वाचतो बगा ह्यो. पर तुमच्यावानी न्हाई."

पडद्यावर तोवर तो वाटसरू गुपचूप खुर्चीवरून उठला होता. त्यानं गळ्यातला हार काढून खुर्चीच्या पाठीला घातला आणि तो मागच्या मागे निघून गेला. वाचणाऱ्यानं मान वर केली, रिकामी खुर्ची बघितली, क्षणभर थांबला आणि पुन्हा कागदात बघून वाचू लागला. "हे कल्पवृक्षा," तो खुर्चीला म्हणाला.

आणि बायकांच्या जागेतून हसू आलं. एकच बाई हसत होती, अगदी मोकळ्या गळ्यानं. दाबायचा प्रयत्न करत होती आणि ते दाबून राहत नव्हतं. पुढच्या रांगेतली मंडळी मागे वळून बघू लागली. मानपत्र चालू असताना हसतं कोण, असा त्यांच्या चेहऱ्यावर राग होता. ते हसणं मी कधीच ऐकलं नव्हतं, तरी मी ते ओळखलं.

खेळ सुटल्यावर बाहेर चर्चा झाली. सत्काराचं महत्त्व चांगलं दाखवलं आहे, यावर एकमत होतं. वकिलांना शेवट पटला नव्हता. "काही झालं तरी सत्कारमूर्तीनं असं उठून जायला नको होतं," ते म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी घाईनं निरोप घेतला.

घरी आल्यावर तिनं चहा ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारलं, "हसली ती तूच ना?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"चुकलं नाही. पण हसायला काय झालं?"

तिनं पातेलं उतरवलं. मग चहा गाळता गाळता खाली बघूनच म्हणाली, "माणूस उठून गेला तरी तो वाचतच होता."

मला राग आला. त्या रागात मी तिला पुढच्या रविवारच्या साताऱ्याच्या सत्काराविषयी सांगू लागलो. एका वयोवृद्ध वकिलांना तिथल्या वाचनालयातर्फे मानपत्र द्यायचं होतं, मजकूर मी आधीच पाठवला होता, छापूनही झाला असेल, सोनेरी अक्षरांत. एवढी मोठी माणसं मला बोलवतात ती काय उगाच, असा माझा सूर होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांनी काय केलंय हो?"

"वाचनालयाला भिंतीवरचं घड्याळ दिलंय."

"मग घड्याळ दिलं असं लिहा ना."

मी चहा न पिता बाहेर गेलो. दोन दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी कागद घेऊन बसलो. घड्याळ दिलं असं लिहिणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत चार ओळी झाल्या. मी तिला हाक मारली आणि वाचून दाखवल्या.

'आपण आमच्या वाचनालयाला भिंतीवरचं घड्याळ दिलंत. पूर्वी वाचनालय कधी उघडतं आणि कधी बंद होतं हे कुणालाच सांगता येत नसे. आता येतं. त्याबद्दल आम्ही सगळे वाचक आपले आभारी आहोत.'

ती चौकटीतल्या मानपत्राकडे पाठ करून उभी होती. म्हणाली, "हे तुम्ही लिहिल्यासारखं वाटतंय." आणि हसली. माझ्यासमोर, पदर वगैरे सारखा न करता. आजवर मला मिळालेले सगळे नारळ आणि उपरणी मी त्या एका वाक्यावरून ओवाळून टाकली असती. इतका आनंद मला लिहून कधीच झाला नव्हता.

तिचं माहेर कोरेगावचं. शनिवारी आम्ही रेल्वेनं तिथे गेलो आणि रविवारी सकाळी सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला. तो बोलपट त्याच आठवड्यात साताऱ्यालाही लागला होता. तिथल्या सत्कार समितीच्या चिटणीसांनी तो आदल्या दिवशी बघितला होता. मला मोटारीतून उतरवून घेता घेताच ते सांगू लागले आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगलीकरांची काय फजिती केलीय हो. आमच्या साताऱ्यात सगळं थिएटर गडाबडा लोळत होतं. टाळ्या काय, मानपत्र काय. तुमच्याकडे खरंच असं चालतं?"

"चालतं," मी म्हणालो. मला बरं वाटलं. साताऱ्याला तरी कळलंय, आता माझ्या चार ओळी इथे चालतील, असं मी मनात म्हटलं.

दुपारी सभा भरली. मांडव, कमान, शाल, चांदीचा करंडक. करंडकात माझंच छापील मानपत्र गुंडाळून ठेवलेलं. मी खिशातून माझा कागद काढला आणि वाचला. वाचताना बायकांच्या बाजूला बघितलं. ती दुसऱ्या रांगेत बसली होती, सरळ माझ्याकडे बघत, आणि तिच्या चेहऱ्यावर तेच हसू होतं.

चार ओळी वाचायला लागतो तेवढाच वेळ लागला. मी कागदाची घडी केली. टाळी पडली नाही. सगळे वाट बघत होते. कुणीतरी खोकलं. वयोवृद्ध वकील खुर्चीत सावरून बसले, गळ्यातला हार नीट केला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "बरं, प्रस्तावना झाली. आता मानपत्र येऊ द्या."

चिटणीसांनी करंडक माझ्या पुढ्यात सरकवला.

त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की मानपत्र झालं. तोंडातून फक्त दोन शब्द निघायला हवे होते. ते निघाले नाहीत. मी त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा बघितला, चिटणीसांचा बघितला, आणि तिच्याकडे न बघता करंडकातली गुंडाळी उलगडली. "विद्याविनयसंपन्न," मी म्हणालो, आणि सवयीनं थांबलो. पहिली टाळी चिटणीसांनी दिली. आदल्या दिवशी थिएटरात लोळलेला सगळा सातारा त्यांच्यामागून टाळ्या देऊ लागला, गंभीरपणे, जागच्या जागी, एकही न चुकवता. वकिलांनी डोळे मिटून घेतले होते.

मी हिमालय वाचला, महासागर वाचला. प्रत्येक टाळी विरली की मी कान बायकांच्या बाजूला लावत होतो. आता हसू येईल, कल्पवृक्षाला तर येईलच. आलं असतं तर माझी भर सभेत शोभा झाली असती, आणि तरीही मला ते हवं होतं. ते आलं नाही. मी 'आपले गुणानुरागी नागरिक'पर्यंत सगळं वाचलं.

परतीच्या मोटारीत ती खिडकीशी बसली. समितीनं मला दिलेला नारळ तिच्या मांडीवर होता. "छान झालं," ती म्हणाली. आठ महिने ती मला असंच म्हणत आली होती.

कोरेगाव जवळ आलं तेव्हा मला राहवलं नाही. "त्या दिवशी सिनेमात एवढी हसलीस," मी म्हणालो, "आज हेच सगळं होतं. आज का नाही हसलीस?"

तिनं नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"सिनेमातला तो माणूस माझा कुणी नव्हता," ती म्हणाली.