वाचनालयात बसलेलं टिंब

लिफ्टवाले काका चौतीस वर्षं लिफ्टच्या उभ्या भुयारांत चढले-उतरले, पण अंगावर ओरखडा म्हणून उमटला नाही. निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच महिन्यात ते स्वयंपाकघरातला बल्ब बदलताना स्टुलावरून पडले आणि मनगट मोडून बसले. प्लास्टर निघालं त्या दिवशी काकूंनी वचन घेतलं: स्टूल, शिडी, गच्ची आणि लिफ्ट, या चार गोष्टींना यापुढे हात लावायचा नाही.

"आणि लावला तर?" काकांनी आपलं माहितीसाठी विचारलं.

"तर मी लेकीकडे जाऊन राहीन. तुम्ही आणि तुमचं स्टूल, दोघं मिळून संसार करा."

काकू बोलल्या की बोलल्या, हे काका जाणून होते.

लेकीने परगावाहून नवाकोरा फोन पाठवला. काका कुठे आहेत, ते त्यामुळे काकूंच्या फोनवर निळ्या टिंबाच्या रूपाने दिसू लागलं. काका मोरीपाशी दाढी करत असले, तरी काकू आधी टिंबाकडे बघत आणि मग मोरीकडे. बाहेर पडताना दारात झडती होई.

"फोन?"

"घेतला."

"दाखवा."

आता दोन गल्ल्या सोडून एक चार मजली इमारत होती. तिथली जाळीच्या दाराची लिफ्ट काकांनीच तरुणपणी बसवलेली. हल्ली ती चौथ्या मजल्यावर चार बोटं खालीच थांबायची. कंपनीची माणसं येत, लॅपटॉप जोडायला जागा शोधत, ती सापडली नाही की "अख्खी लिफ्टच बदला" असं सांगून चहा पिऊन जात. चौथ्या मजल्यावर शिवणाचा क्लास चालवणाऱ्या बाई त्या चार बोटांना दोनदा अडखळल्या होत्या. त्यांनी काकांना बाजारात गाठलं आणि म्हणाल्या, "तुमची लिफ्ट आता नीट उभी राहत नाही हो." काकांना ते असं लागलं, जसं कोणी त्यांच्या लेकीच्या वळणालाच नावं ठेवली.

त्यांनी मोबाइलचं दुकान गाठलं.

"फोन बंद केला, तर तो कुठे आहे ते कळतं का हो?"

दुकानदार एका फोनच्या काचेवर चिकटपट्टी बसवत होता आणि तिच्याखालचा हवेचा फुगा नखाने पळवत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बंद केल्यावर कसं कळेल काका? बंद म्हणजे बंद."

काकांना हे मनापासून पटलं. त्यांची सगळी नोकरी याच श्रद्धेवर झाली होती. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची. स्विच पडल्यावरही काही पॅनेलांत वीज दबा धरून बसते, दहा मिनिटं हात लावायचा नाही, असं तेच शिकाऊंना दरडावून सांगत. पण खिशातला फोन त्यांना पॅनेल वाटला नाही, तिथेच घोटाळा झाला.

बेत पक्का झाला. मंगळवारी वाचनालयात जायचं, पेपर उघडायचा, फोन बंद करायचा आणि मागच्या दाराने सटकायचं. टिंब दोन तास तिथेच वाचत बसेल. काकूंना सांगायला वाचनालयाचा 'फोन बंद ठेवावा' हा नियम होताच, आणि तो भिंतीवर लिहिलेलाही होता.

दोन मंगळवार टिंबाने निमूटपणे वाचन केलं, निदान काकूंनी तपासलं नाही. तिसऱ्या मंगळवारी पंपवाला घरी आला आणि टाकीची किल्ली सापडेना. काकूंनी फोन लावला, तर बंद. म्हणून टिंबाकडे पाहिलं. टिंबाने रस्ता ओलांडला होता. दोन गल्ल्या पुढे जाऊन ते एका इमारतीत उभं होतं.

काकूंनी लेकीला फोन केला. "अगं, ह्यांचा फोन बंद आहे आणि फिरतोय."

"आई, सगळ्याच फोनांचं असं नसतं. पण काही नव्या फोनांत बंद केल्यावरही एक बारीकशी खूण चालू राहते. आसपासच्या लोकांचे फोन ती टिपतात. बाबांचा तसलाच आहे."

"म्हणजे रस्त्यावरचे लोक चुगली करतात?"

"लोकांना पत्ताही नसतो गं."

काकूंनी चपला पायात सरकवल्या.

काका तेव्हा गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत होते. ब्रेकचा नट आवळून झाला होता. मेन स्विचला कुलूप, किल्ली खिशात. तेवढ्यात पायांखालच्या भुयारातून, चार मजले चढून, एक ओळखीचा आवाज आला.

"अहो."

काकांचा पाना हातातच थिजला. लिफ्टचे दोर खाली जातात त्या भोकाशी ते वाकले. "तू? इथे कशी?"

"तुमच्या फोनने सांगितलं."

"तो तर बंद आहे."

"तुम्हीही निवृत्तच आहात की. वाचून झालं का?"

काकांनी पाना पिशवीत टाकला.

"मी वर येतेय."

"जिने नको चढूस. गुडघे आहेत तुझे."

"मग लिफ्ट पाठवा."

काकांनी कुलूप काढलं. रिकामी लिफ्ट तीनदा वरखाली फिरवल्याशिवाय माणूस आत घ्यायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. बायकोसाठीही तो मोडला नाही. काकू खाली उभ्या राहून मोजत होत्या. मग काका चौथ्या मजल्यावर जाऊन दारापाशी उभे राहिले.

काकू आयुष्यात या लिफ्टमध्ये बसल्या नव्हत्या. लिफ्टमध्ये काय काय बिघडू शकतं, ते रोज रात्रीच्या जेवणाला चौतीस वर्षं ऐकल्यावर कोण बसेल? लिफ्ट काकूंना घेऊन चौथ्या मजल्यावर आली. थांबली. काकूंनी जाळी सरकवली, खाली पाहिलं आणि पाऊल घासून उंबरा चाचपला. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी एका पातळीत होत्या, मधे बोटभरही पायरी नव्हती.

काकूंनी दुसऱ्या पायानेही उंबरा चाचपला, मग काकांकडे पाहिलं. काकांना लेकीच्या गावच्या गाडीच्या वेळा आठवू लागल्या.

"मनगट बघू," त्या म्हणाल्या. "दुखतंय?"

"नाही."

"खरं सांगा."

"पाना फिरवताना. थोडंसं."

"शिडी नाही आणि स्टूल नाही. लिफ्ट चालेल, तिच्यापुरती गच्चीही, पण मला सांगून. आणि नट आवळायला कोणीतरी दणकट माणूस सोबत घ्यायचा, तुम्ही नुसतं ओरडायचं. ते जमतं तुम्हाला."

"जमतं," काका म्हणाले, आणि सवयीने जिन्याकडे वळले.

"तिकडे कुठे? आत या. मी एकटी नाही उतरणार यात."

काका आत आले. तळमजला येईपर्यंत काकूंनी त्यांचा धड हात घट्ट धरून ठेवला होता. लिफ्ट टेकल्यावरही जाळी उघडायला काकांनी जरा उशीरच केला.